मेलेल्याची अब्रू

"हात काढ त्या परातीतनं!"

सुंदराबाईंचा आवाज असा काही कडाडला, की दारात चपला काढणाऱ्या बायका एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा जागच्या जागी थबकल्या. द्वारकाचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत बुडालेले होते. आज तिच्या नवऱ्याचं, समाधानचं पाचवं पुण्यस्मरण... भिंतीवर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्याचा हार घातलेला फोटो, पुढं मेणबत्ती, अगरबत्तीचा धूर, आणि येरवड्याच्या त्या वस्तीतली चार घरची माणसं जेवायला येणार. पुऱ्यांची कणीक भिजवणारी शेजारीण अजून आली नव्हती. तेवढ्यात कुणी बघत नाही असं पाहून द्वारकानं परात पुढं ओढली होती. नवऱ्याच्या नावानं लोक जेवतील, त्यातल्या एका तरी घासाला आपला हात लागलेला असावा... एवढीच त्या वेडीची आस!

"आत्या, उशीर व्हायला लागला म्हनून मी..." सासूला ती माहेरच्या रीतीनं आत्याच म्हणे.

"उशीर झाला तर लोक घटकाभर उपाशी बसतील. मरनार तर न्हाईत ना!"

सुंदराबाईंनी परात फडक्यानं धरून उचलली आणि कणकेचा अख्खा गोळा कचऱ्याच्या बादलीत पालथा केला. दारातली एक बाई म्हणाली, "जाऊ द्या मावशी, आजच्या दिवशी नको," आणि असं म्हणणाऱ्या त्या दयाळू बाईनंही आत पाय टाकण्याआधी दुसरी परात कुठली घेतात ते नीट पाहून घेतलं.

"आजी, आईच्या हाताला काय झालंय?" द्वारकाच्या दहा वर्षांच्या लेकीनं, मैत्रीनं विचारलं.

"तुझ्या आईलाच इचार."

द्वारकानं हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दाराबाहेर खिळ्याला तिचा पेला टांगलेला होता, तसाच तो गेली पाच वर्षं टांगलेला असे. ज्या माणसांच्या पणजोबांना लोक वरून ओंजळीत पाणी ओतत होते, ज्यांच्या वाडवडिलांनी घोटभर पाण्यासाठी चवदार तळ्यावर डोकी फोडून घेतली, त्यांच्याच घरात, बाबासाहेबांच्या फोटोपासून चार हातांवर, एका बाईचा पेला खिळ्याला टांगला होता! आणि फोटोला मात्र रोज ताजा हार होता. शिवाशिव दुसऱ्यानं केली की तो जुलूम, आणि आपण केली की ती काळजी! बरं, हेच हात धुण्याला चालत, फरशी पुसायला चालत, संडासात पाणी ओतायला चालत. रोग फक्त कणकेत उतरत होता!

गोष्ट खरी तर साधी होती. समाधानला एचआयव्ही होता. निदानाला उशीर झाला आणि तो गेला. द्वारकालाही होता; तिला वेळेवर गोळ्या सुरू झाल्या आणि ती तगली, आता तर रोज कोथरूडला जाऊन चार घरच्या पोळ्या करत होती. मैत्रीची तपासणी स्वच्छ निघाली. पण लोकांना साधी गोष्ट पचत नाही, लोकांना गुन्हेगार लागतो. आणि गुन्हेगार सापडायला वेळ लागला नाही. द्वारका लोणी काळभोरची. तिची आई सोलापूर रोडवरच्या ढाब्यावर भाकऱ्या थापायची, लहानपणी द्वारकाही तिच्या हाताखाली असायची. झालं! ढाबा, हायवे, ट्रकवाले... आणखी पुरावा कशाला हवा? "ढाब्यावरची पोर करून आनली, तिनंच माझं लेकरू खाल्लं," असं सुंदराबाई नळावर बोलल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झालं.

द्वारकानं ते खोडून काढलं नाही. एका शब्दानं नाही. कारण खोडायचं तर खरं सांगावं लागलं असतं...

समाधान मार्केट यार्डात हमाल होता. दारूचा थेंब नाही, तंबाखूची चिमूट नाही. बापाविना, महापालिकेत झाडू मारून सुंदराबाईंनी दोन पोरं वाढवली होती, आणि थोरल्यानं आईच्या कष्टांचं सोनं केलं असं सगळे म्हणत. रविवारी विहारात वंदना तोच घ्यायचा. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सुंदराबाईंची मान अशी ताठ व्हायची, की त्या क्षणी त्यांच्या हातात कधी झाडू होता हे कुणाला खरं वाटलं नसतं. आणि तोच समाधान यार्डातल्या गोदामामागं, पोत्यांनी मोडलेल्या कमरेसाठी, बरोबरच्या हमालांच्या संगतीनं एकाच सुईनं इंजेक्शन टोचून घेत होता! आधी दुखणं थांबावं म्हणून... मग दुखत नसलं तरी... आणि मग ते नसलं की त्याचं सर्वांग पिंपळपानासारखं कापायचं. हमालाच्या पाठीवर पोतं चढवायला दहा जण धावतात; पाठ मोडली की तिला औषध कुठलं, हे विचारायला एक माणूस येत नाही. द्वारकाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

सरकारी दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, त्यानं तिचा हात धरला होता. त्या हातात आता पोतं काय, चादर सावरण्याचंही बळ उरलं नव्हतं.

"आईला सांगू नको गं... सुईचं. ती परत विहाराची पायरी चढायची न्हाई. तिच्याकडं मिरवायला दुसरं काय हाय?"

"मग लोक इचारतील, कुठनं आलं. काय सांगू?"

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. 'तू घे अंगावर' असं तो म्हणाला नाही. पुरुष असं म्हणत नाहीत. ते भिंतीकडं बघतात. आणि बायकांना भिंतीवरचं वाचता येतं... जन्मापासून तेच तर शिकवलेलं असतं! द्वारकानं त्याचा हात आपल्या गालाला लावला आणि म्हणाली, "न्हाई सांगनार." एवढ्या दोन शब्दांत तिनं आपलं अवघं आयुष्य त्या माणसाच्या नावावर करून टाकलं.

त्या एकाकी वर्षांत तिला माणूस म्हणून वागवलं ते गोदाबाईंच्या गटानं. गोदाबाई वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. त्यांचा मुलगा गर्द ओढून गेला होता, आणि तेव्हापासून ही धिप्पाड, फटकळ बाई दर गुरुवारी समाजमंदिरात अशाच घरांतल्या माणसांना गोळा करायची. कुणाचा नवरा व्यसनात, कुणाला हा आजार, कुणाला दोन्ही. भाषणं नाहीत, पत्रकं नाहीत. त्यांची एकच रीत होती. ज्या घरात माणूस वेगळा काढला असेल, त्या घरी दहा-बारा बायका दुपारच्या जेवणाला जायच्या, स्वयंपाक त्या वेगळ्या काढलेल्या माणसाकडूनच करवून घ्यायच्या, आणि दार सताड उघडं ठेवून, गल्लीला दिसेल असं बसून जेवायच्या. पहिला घास घरातल्या थोरल्या माणसानं घ्यायचा. तोवर एकीनंही ताटाला हात लावायचा नाही. "औषध दवाखान्यात मिळतं," गोदाबाई म्हणायच्या, "अक्कल मिळत न्हाई. ती जेवनातनं द्यावी लागती." त्यांनी किती वेळा विचारलं, पण द्वारकानं त्यांना आपल्या घरी कधी येऊ दिलं नाही. सासू अपमान करील, तो आपल्यासाठी या बायकांनी का सोसावा?

पुण्यस्मरण झालं त्याच आठवड्यातली गोष्ट. धुण्याला भिजवण्याआधी द्वारका धाकट्या दिराच्या, विक्रमच्या पँटचे खिसे चाचपत होती. हाताला सुईचं टोपण लागलं.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. तसंच टोपण! असंच ते समाधानच्या खिशात सापडलं होतं, आणि तेव्हा तिनं ते कचऱ्यात फेकून दिलं होतं, कसलं असेल याचा विचारही न करता...

विक्रम बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. संध्याकाळी जिम. छाती भरलेली, दंड फुगलेले, सुंदराबाई त्याला रोज अंडी उकडून द्यायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "माझा विकी दारूला शिवत न्हाई. अंग बघा त्याचं!" त्यांच्या लेखी नशा म्हणजे दारू, आणि नशेबाज म्हणजे वाळलेला माणूस. पुण्यात आता पैलवानासारखे दिसणारे नशेबाजही निघतात, हे त्या माउलीला कोण सांगणार?

तो अंघोळ करून आला तेव्हा द्वारकानं ते टोपण त्याच्यापुढं धरलं.

"विकी, हे काय हाय?"

"जिमचं इंजेक्शन हाय वैनी. स्टॅमिना वाढतो. सगळेच घेतात, टेन्शन नको घेऊ."

"सुई कुनाची?"

"कुनाची म्हंजे? बाटली सहज मिळत न्हाई. तिघं मित्र एकाच सुईनं घेतो. घरातल्यासारखेच हायत सगळे."

"अरे, सुईतनं रोग येतो! तुझ्या पाया पडते..."

विक्रम हसला. वाईट मनानं नाही, लहान मुलाच्या भोळ्या चुकीला हसावं तसा. आणि म्हणूनच ते हसू तिच्या काळजात आरपार गेलं.

"वैनी, रोग कसा येतो ते आपल्या घरात तू शिकवतीस? दादा काय सुई घेऊन मेला का? तो कसा मेला ते अख्ख्या वस्तीला माहीत हाय. मी बाईबिईच्या नादाला लागत न्हाई. मला काय होनार हाय?"

तो शीळ घालत निघून गेला. द्वारका तशीच बसून राहिली. तिचा त्याग, तिचं मौन, तिनं उराशी धरलेली मेलेल्या नवऱ्याची अब्रू... त्या सगळ्याचं हे असं विष झालं होतं! तिनं खोटं पांघरलं ते नवऱ्याला झाकायला, आणि त्या पांघरुणाखाली धाकटा बिनघोर सुई टोचत बसला होता. हाच मुलगा ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ताटात जेवायचा, शाळेत मार खाल्ला की आईच्या आधी वहिनीला सांगायचा...

गुरुवारी तिनं गोदाबाईंना पहिल्यांदा सगळं सांगितलं. गोदाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शब्द दिला हुतास नवऱ्याला?"

"व्हय."

"चांगलं केलंस. लई पुण्यवान हायेस. आता धाकट्याचा बी फोटो करून ठेव, हार आयता हायच."

"गोदाआक्का!"

"मग काय ओवाळू तुला? मेलेल्याची अब्रू जपतीस आन् जित्याचा जीव घालवतीस. तो मेला, त्याला आता लाज न्हाई आन् अब्रू बी न्हाई. ह्याला जीव हाय. बघ तुझं तू."

रविवारी सुंदराबाई विहारातून पांढऱ्या साडीत प्रसन्न चेहऱ्यानं परतल्या. विक्रम जेवत होता. द्वारका उंबऱ्यात उभी राहिली.

"आत्या, समाधानला हा रोग माझ्याकडनं आला न्हाई. त्यानं मला दिला. त्याला सुईतनं आला. यार्डात तो सुई घ्यायचा... नशेची."

सुंदराबाई उठल्या आणि त्यांनी द्वारकाच्या थोबाडीत मारली. पाच वर्षांत त्यांचा हात तिला लागला तो असा!

"खोटारडे! मेल्या मानसावर आळ घेतीस? तो उठून सांगायला येनार न्हाई म्हनून?"

"तो येनार न्हाई म्हनूनच मला सांगावं लागतंय. मला खोटी म्हना, काय बी म्हना. पर त्या पोराच्या बाह्या वर करून बघा! तो बी त्याच वाटेनं चाललाय, आत्या... तुमचा दुसरा बी..."

सुंदराबाईंनी विक्रमकडं पाहिलं. विक्रमच्या हातातला घास हातातच राहिला होता. द्वारकाला वाटलं, आता बोलेल... एवढा वाढवलेला पोर, एक शब्द तरी बोलेल...

"वैनीचं डोकं फिरलंय, आई," तो म्हणाला, आणि ताट तसंच टाकून बाहेर पडला.

"ऐकलंस? नीघ माझ्या घरातनं. पोरगी हितं ठेव, माझ्या समाधानचं रगत हाय ते."

पण मैत्रीनं दप्तर खांद्याला लावून आईचा पदर कधीच धरला होता. "माझ्यात आईबाबा दोघांचंही रक्त आहे," ती म्हणाली, "आणि मी आईबरोबर जाणार."

गोदाबाईंच्या एका खोलीत मायलेकींना जागा झाली. द्वारका सकाळी कोथरूडला जाई, दुपारी परत येई, आणि येता-जाता गल्लीच्या तोंडाशी नजर टाकी. विक्रम दिसत नसे. एवढं खरं बोलूनही पोर हातचं गेलंच, या विचारानं तिला अन्न गोड लागत नव्हतं.

आणि एके दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. डोळे खोल गेलेले, फुगलेल्या दंडांवर बाह्या ओढून घेतलेल्या.

"वैनी, आमच्या तिघांतला एक दवाखान्यात हाय. त्याची रक्ताची तपासणी... तेच निघालंय." तो खाली बसला. "त्या दिवशी तू बोललीस ना, तवाच मला कळलं हुतं. शाळेत असताना दादाच्या सुया मीच आनून द्यायचो गं! तो म्हनायचा कमरेचं औषध हाय. मला वाटायचं डॉक्टरनं दिलंय. तू खरं बोलत हुतीस ते मला एकट्याला माहीत हुतं, आन् मी..."

द्वारका त्याला खूप काही बोलू शकली असती. तसा हक्कही होता तिला. पण ती उठली, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली, "चल. तपासून घेऊ."

सरकारी दवाखान्यातल्या बाकावर तो तिच्या शेजारी बसला होता. निकाल जो यायचा तोच आला. समुपदेशक ताई समजावून सांगत होत्या, त्याला काही ऐकू येत नव्हतं. बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "मी मरनार, वैनी..."

"माझ्याकडं बघ," द्वारका करारीपणानं म्हणाली. "बघ नीट. मी मेले का? दादाला उशीर झाला, तुला झाला न्हाई. गोळी चुकवायची न्हाई आन् सुई परत हातात धरायची न्हाई. दुसरं लई अवघड हाय. त्याला गोदाआक्का हाय, मी हाय. पर आधी घरी चल. आईला तुझ्या तोंडानं सांग."

भर दुपारी, गल्ली जागी असताना, दोघं घरी आली. सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या. विक्रमनं सगळं सांगितलं. स्वतःचं, आणि दादाचंही. सुंदराबाईंचे हात सुपातच थांबले.

मग तो बाहेर गेला, आणि खिळ्याकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, "आई, माझा पेला कुठं टांगायचा? वैनीच्या शेजारीच, का दुसरा खिळा ठोकू?"

सुंदराबाई उठल्या, दारापर्यंत आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. पोटच्या पोरासाठी खिळा ठोकायला त्यांचा हात उठेना. आणि सुनेसाठी तो किती सहज उठला होता, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं असावं. कारण त्यांनी द्वारकाकडं पाहिलं, आणि ती नजर पायाखालच्या दगडालाही बघवली नसती. त्या आत गेल्या आणि पदरात तोंड लपवून भिंतीशी बसल्या. द्वारका थोडा वेळ थांबली. मग निघून गेली.

गोदाबाईंनी खटपट करून विक्रमला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आणि वस्तीनं सुंदराबाईंचा हिशेब त्यांच्याच मापानं चुकता केला. नळावर त्यांचा हंडा बायका पायानं सरकवू लागल्या. विहारात त्यांच्या शेजारची सतरंजी मोकळी राहू लागली. मैत्री आजीकडं डोकावून येई आणि सांगे, "आई, आजीनं आज काहीच शिजवलं नाहीये." द्वारकाच्या मनात एक काळी लहर उठे... बसू दे एकटी, कळू दे! ती काही देवी नव्हती. तिच्याही गालावर ती थप्पड अजून होती.

गुरुवारी गोदाबाईंनी पदर खोचला. "चला गं, आज सुंदराबाईकडं जेवायला जायचं."

"मी येनार न्हाई, आक्का. मला हाकललंय तिनं."

"मग रांधनार कोन? मी? अगं, ती बाई दुःखातनं वाचंल, पन माझ्या आमटीतनं वाचायची न्हाई. ऊठ!"

द्वारका हसली, आणि हसता हसता उठली. पण मनाशी म्हणत राहिली... मी तिच्यासाठी जात नाही. मी त्या पोरासाठी जातेय. तो परत येईल तेव्हा घर घरासारखं असलं पाहिजे.

बारा बायका घरात शिरल्या तरी सुंदराबाई भिंतीशी बसून होत्या. कुणी दार उघडून धरलं, कुणी सतरंजी टाकली. द्वारकानं चूल पेटवावी तसा गॅस पेटवला आणि न विचारता डबे उघडले. वरण झालं, भात झाला, वांग्याची भाजी झाली, गरम चपात्या झाल्या. ताटं मांडली. पहिलं ताट तिनं सासूपुढं ठेवलं, आणि बाजूला उभी राहिली. बायका हात मांडीवर ठेवून थांबल्या. बाहेर गल्लीत बघ्यांची गर्दी जमली. ज्यांना एरवी आमंत्रण देऊनही वेळ नसतो, ते सगळे हजर!

सुंदराबाई ताटाकडं बघत राहिल्या.

"जेवा की," गोदाबाई म्हणाल्या. "भीती वाटत असंल तर तसं सांगा, म्हंजे आमी घरी जाऊन जेवतो. पोटात कावळे वरडाय लागले."

"भीती न्हाई वाटत," सुंदराबाई पुटपुटल्या. आवाज असा होता, जणू खोल विहिरीतून येतोय. "लाज वाटती."

आणि त्यांनी घास घेतला. तो गिळताना डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं, पण त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला... मग हात तसाच खरकटा घेऊन त्या उठल्या आणि उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"काय बघताय? माझ्या सुनंनं रांधलंय, मी जेवतीय. आन् आलाच हायसा तर ऐकून जावा. हिनं काही आनलं न्हाई या घरात. माझ्या समाधाननं सुई घेतली हुती! व्हय, वंदना घेनाऱ्या समाधाननं! पोराला दुखत हुतं आन् मी त्याचा आवाज ऐकत बसले, कंबर बघितली न्हाई. आन् हिच्यावर मी खोटा आळ घेतला, नळावर बसून, तुमच्या म्होरं. तो जसा वस्तीभर केलात, तसं हे बी करा. जावा!"

गर्दीतल्या एक-दोघी निघून गेल्या. एक म्हातारी मात्र आत आली, सतरंजीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मला बी वाढ गं द्वारका, अर्धी चपाती." आली ती तेवढीच. बाकीची वस्ती होती तिथंच होती. वस्त्या एका जेवणानं बदलत नाहीत.

जेवणं उरकली, बायका गेल्या. द्वारका मोरीत ताटं घासत होती. सुंदराबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"तो गेला तवा तू रडली न्हाईस," त्या म्हणाल्या. "मी बघत हुते. मैताला आलेल्या बायकांना मीच म्हनले, डोळ्याला टिपूस न्हाई, दगड हाय बाई... कुठं रडलीस गं तू?"

द्वारकाचा हात ताटावर थांबला.

"कोथरूडला. ज्या बाईंकडं पोळ्या करते तिथं. कांदा चिरायला बसले की रडून घ्यायची. बाई म्हनायच्या, द्वारका, तुला कांदा फार लागतो गं! मी म्हनायची, व्हय बाई... मला लई लागतो."

सुंदराबाई मोरीच्या कडेला मटकन खाली बसल्या. साडी भिजली, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"माझ्या लेकासाठी... परक्याच्या वट्यापाशी रडलीस! आन् मी हितं एकटीच त्याच्या नावानं छाती पिटत बसले, जसा काय तो माझ्या एकटीचाच हुता... माफ कर म्हनायला बी तोंड न्हाई मला."

"म्हनू नका, आत्या. आत्ता म्हनलात तर मी 'केलं माफ' म्हनेन आन् ते खोटं असंल. लई खोटं निभावलं मी या घरात. आता न्हाई. मला येळ लागंल."

"लागू दे. मी हाय तवर वाट बघंन. पर आज हितं रड, पोरी... या घरात रड. त्यो तुझा बी हुता..."

त्यांनी आपले हात पुढं केले. द्वारका क्षणभर त्या हातांकडं बघत राहिली. तिनं ठरवलं होतं रडायचं नाही म्हणून. पण पाच वर्षं परक्यांच्या कांद्यावर उधार रडलेलं ते दुःख आज आपलं घर ओळखून आलं, आणि साबणाच्या ओल्या हातांनीच ती सासूच्या कुशीत कोसळली. बाहेर खेळणारी मैत्री आवाज ऐकून धावत आली आणि दारातच थांबली. एका माणसाची आई आणि एका माणसाची बायको, मोरीच्या ओल्या फरशीवर, एकमेकींना घट्ट धरून, त्या एकाच माणसासाठी पहिल्यांदा मिळून रडत होत्या.